जांघ म्हणजे नेमकी कुठं

दवाखान्यातल्या गमतीजमती लिहून द्या, असं आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक काढणारे मास्तर म्हणाले. त्यांचं म्हणणं, इथं रायपुरात आपली पोरं मराठी बोलत नाहीत, आईनं मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देतात, निदान अंक चाळताना चार अक्षरं तरी डोळ्यांखालून जातील. मी म्हटलं, "मास्तर, जे बोलत नाहीत ते वाचतील काहून?" ते म्हणाले, "तुम्ही लिहा तर खरं." म्हणून लिहिते. मी चवथी शिकले आहे. ऱ्हस्व-दीर्घ मास्तरांनी पाहावं, मजकुराला हात लावू नये.

गमती थोड्याच आहेत. जास्त करून मला न कळलेल्या गोष्टी आहेत. नोकरीचा सगळा काळ हाडांच्या दवाखान्यात गेला, दुसऱ्यांचं कुठं काय दुखतं ते पाहत आले, आणि माझी स्वतःची कंबर दुखायला लागली तेव्हा ती काहून दुखते हे शोधताना मी, माझा पोरगा आणि आमचे मोठे डॉक्टर, सगळेच चक्रावलो. भलत्या जागी चाकू चालायची वेळ आली होती. तेच सांगायचं आहे. पण आधी काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी एक्स-रेच्या खोलीतली आया. आया म्हटलं की लोकांना बाळांचे लंगोट आठवतात. आमच्या खोलीत बाळ क्वचित यायचं. मोडलेले, मुरगळलेले, वाकलेले मोठे लोक यायचे. बटण दाबायचा तो साहू भैया. शिशाचा जड कोट घालून तो आडोशाला उभा राहायचा. त्याच्या आधीचं सगळं माझं. माणसाला टेबलावर चढवायचं, हवं तसं निजवायचं, आणि त्याच्या अंगावरची धातूची वस्तू काढून घ्यायची. हे शेवटचं काम सगळ्यांत अवघड. इकडच्या खेड्यांतल्या बायांच्या कंबरेला चांदीची करधन असते. ती लग्नात चढते आणि काही बायांची त्यानंतर उतरलेलीच नसते. ती तशीच राहिली तर फोटोत हाडांवर पांढरी साखळी पडते आणि हाडांचं काही दिसत नाही. मी सांगायची, बाई, काढ. ती म्हणायची, नवऱ्याला विचारते. नवरा बाहेर बिडी ओढत असायचा. त्याला शोधून आणायचं काम पण माझंच.

फोटो कसा काढतात तेही सांगते. कंबरेखालच्या सांध्यांचा, म्हणजे जिथं पाय धडाला लागतो तिथला फोटो काढायचा असला की माणसाला उताणं निजवतात आणि दोन्ही पावलं आत वळवून अंगठ्याला अंगठा लावायला सांगतात. तसं केलं नाही तर मांडीच्या हाडाची मान नीट येत नाही, असं साहू भैयानं मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. कोणाचं पाऊल बाहेर पडत असलं तर मी पट्टीनं दोन्ही पावलं एकत्र बांधायची. मग साहू भैया ओरडायचा, "सांस रोको!" माणूस श्वास धरायचा. खट्ट आवाज यायचा. मग "छोड़ो!" काही म्हातारे रोको म्हटलं की सोडत आणि छोड़ो म्हटलं की धरत. मग पुन्हा.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. फोटो जिथला काढाल तिथलाच येतो. कंबरेचा काढला तर कंबरच येते. बाजूच्या सांध्याला आग लागली असली तरी तो कंबरेच्या फोटोत येत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून काही उपयोग झाला नाही.

रायपूर राजधानी झालं आणि आमची गर्दी एकदम वाढली. रस्ते खणून ठेवले होते, त्यात मोटारसायकलवाले पडत होते. नवे दवाखाने उघडत होते, नवे डॉक्टर येत होते, कोणी बंगालकडून, कोणी राजस्थानातून. डॉक्टर हुशार, पण इकडची बोली त्यांना येत नव्हती. एक नवे डॉक्टर आले होते. त्यांच्याकडं आरंगच्या बाजूची एक म्हातारी आली आणि म्हणाली, "मोर कनिहा पिराथे, साहेब." छत्तीसगडीत कनिहा म्हणजे कंबर. डॉक्टरांनी ऐकली कोहनी. त्यांनी कोपराचा फोटो लिहून दिला. म्हातारी आमच्या खोलीत आली, निमूट कोपर टेबलावर ठेवलं. साहू भैया इकडचाच. त्यानं विचारलं, "दाई, कोहनी म का होगे?"

"कोहनी म कुछु नइ होय हे, बेटा. साहेब कहिस त दे देंव. पिराथे त मोर कनिहा."

म्हणजे साहेबांनी मागितलं म्हणून कोपर दिलं, दुखते ती कंबर. साहू भैया इतका हसला की त्याला कोट काढून बसावं लागलं. मीही हसले. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा तेही हसले आणि कनिहा शब्द त्यांनी पाठ केला. आम्ही तिघंही हसलो, ते आठवलं की आता बरं वाटत नाही, कारण पुढं तोच प्रकार माझ्यावर आला.

दुसरे एक होते पंडरीच्या कपडा मार्केटमधले सेठजी. ठोक कापडाचं दुकान, दिवसभर पांढऱ्या गादीवर बैठक. त्यांचा उजवा कुल्हा दुखायचा. मालिश झाली, शेक झाले, पाठीच्या इंजेक्शनपर्यंत गोष्ट गेली. मग आमच्याकडं आले. मी म्हटलं, "सेठजी, चाबी निकालो." धोतराच्या आत शिवलेल्या खिशात तिजोरीच्या चाब्यांचा मोठा जुडगा होता.

"चाबी नहीं निकलेगी."

"फोटो में चाबी आ जायेगी."

"आने दो. बहू बाहर बैठी है."

फोटो काढला. उजव्या बाजूला हाडाच्या वर चाब्या अशा स्वच्छ आल्या की एकेकीचे दात मोजावे. मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, "सेठजी, कब से बैठ रहे हो इस पर?"

"पिताजी गुज़रे तब से."

"और दर्द?"

सेठजींनी जरा विचार केला. "वो भी समझो तभी से."

चाब्या काढल्या, दुखणं कमी झालं. पुढच्या उन्हाळ्यात सेठजी डावा कुल्हा घेऊन आले. चाब्या डाव्या खिशात गेल्या होत्या. सुनेकडं काही गेल्या नाहीत. अशी माणसं पाहिली की वाटायचं, दुखण्याचं कारण असं समोरच पडलेलं असतं, फक्त फोटो काढायला हवा.

मग माझी कंबर दुखायला लागली.

कधीपासून, ते सांगता येत नाही. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात आणि कोणालाच सांगता येत नाही. खाली बसून भाजी चिरताना उठवत नव्हतं. मग पायरी चढताना उजवा पाय जड. मग मांडी घालून बसता येईना. कंबर दुखायची आणि जांघ दुखायची. कंबर म्हणजे तरी केवढा मुलूख! बरगडीच्या खालून बुडापर्यंत सगळ्याला आपण कंबरच म्हणतो. त्यातलं नेमकं काय दुखतं, हे मला रोज वेगळं वाटायचं.

नवरा रेल्वेच्या मालधक्क्यावर होता, तो लवकर गेला. घरात मी आणि प्रदीप, माझा पोरगा. तो भनपुरीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे. मराठी सगळी समजते, बोलतो हिंदी. लहानपणी गल्लीत खेळून जी जीभ वळली ती वळली. मी म्हणायची, "बाबू, मले उठवून दे." तो म्हणायचा, "क्या हुआ मम्मी, फिर कमर?" आमचं असं चालायचं, आणि बरं चालायचं.

इलाज सुरू झाले. शेजारची बाई म्हणाली, नाभी सरकली आहे. तिनं पोटावर दिवा लावून वर लोटा पालथा घातला. नाभी जागेवर आली म्हणे. कंबर तशीच. बायांच्या डॉक्टरीण म्हणाल्या, बच्चेदानी खाली आली आहे, या वयात काय कामाची, काढून टाकू. मी म्हटलं, थांबा. प्रदीपच्या ऑफिसात ट्रकवाले भनपुरीच्या एका वैद्याची पुडी खायचे, दिवस-दिवस स्टेअरिंगवर बसून त्यांची कंबर जाते. त्यानं ती आणली. ती पुडी कमाल होती. खाल्ली की दुखणं पळालं. मी पायऱ्या चढायला लागले, बाया उचलायला लागले. तोंड जरा सुजलं, भूक लागायची. पुडी थांबवली की दुखणं दारातच उभं. म्हणून पुन्हा पुडी. असं बराच काळ चाललं.

शेवटी साहू भैया म्हणाला, "दीदी, दुनिया का फोटो खिंचवाती हो, अपना भी खिंचवा लो." कंबरेचा फोटो काढला. मणक्यांमध्ये गॅप निघाला. आमच्याकडं ज्याचा काढाल त्याच्या मणक्यात गॅप निघायचा, त्याचं मला नवल नव्हतं. पण मोठ्या डॉक्टरांनी मशीनमध्ये घालून करायची ती मोठी तपासणीही करवली. त्यात निघालं की चकती सरकली आहे आणि नस दबली आहे. नाभीवालीला नाभी सापडली, डॉक्टरीणबाईंना बच्चेदानी सापडली, इथं चकती सापडली. ज्याच्याकडं जावं त्याला काहीतरी सापडत होतं. प्रत्येकाचं खरंही असेल. दुखणं मात्र कोणाच्याच ताब्यात येईना.

मोठे डॉक्टर माणूस चांगला. मी त्यांच्या दवाखान्यातली, म्हणून त्यांनी घाई केली नाही. प्रदीप सोबत होता. मी प्रदीपला सांगायची, तो त्यांना सांगायचा. मला हिंदी येत नाही असं नाही. पण डॉक्टरच्या खुर्चीसमोर बसलं की माणसाच्या तोंडात आपलीच बोली येते, आणि मग पोरगा बोलतो.

"विचार त्याईले, मले कंबर आन जांघ दोन्ही दुखते, उजव्या अंगानं, तर काहून?"

प्रदीप म्हणाला, "सर, मम्मी को कमर और जाँघ में दर्द है. राइट साइड."

डॉक्टरांनी माझ्या मांडीवर मागच्या बाजूनं वरून गुडघ्यापर्यंत हात फिरवून विचारलं, "यहाँ से यहाँ तक जाता है?"

मी म्हटलं, "हव, तिथंही जाते." खोटं नव्हतं. तिथंही जायचं.

त्यांनी निजवून पाय सरळ वर उचलला. मी ओरडले. ते प्रदीपला म्हणाले, "देखा? नस ही दबी है." पाठीत इंजेक्शन दिलं. चार दिवस बरं वाटलं की नाही, हेही मला नक्की सांगता येईना. पट्टा बांधला. पट्टा बांधून बाया उचलल्या. शेवटी ते म्हणाले, कमरेचं ऑपरेशन करावं लागेल, चकती काढावी लागेल. त्यानंतर वजन उचलणं बंद. एक्स-रेच्या खोलीत वजन न उचलणारी आया म्हणजे काय, ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती नोकरी गेली की मी गुढियारीतल्या आमच्या खोलीत बसून काय करणार होते? आमच्या गल्लीतली एक बाई पाठीच्या ऑपरेशननंतर खाटेवरून उठली नव्हती, तीही डोळ्यांसमोर होती. पण माणूस किती दिवस पाय ओढेल? मी हो म्हटलं.

ऑपरेशनच्या आधी व्यायाम शिकवतात, म्हणून मला कसरत करवणाऱ्या मुलीकडं पाठवलं. ती नवी लागली होती. वर्ध्याकडची, वैशाली नाव. पडद्याच्या आत आम्ही दोघीच. प्रदीप बाहेर बाकावर. तिनं मराठीत विचारलं, "काकू, कुठं दुखते?"

मला इतकं बरं वाटलं की मी सगळं पुन्हा सांगितलं. "कंबर आन जांघ, बाई."

"जास्त काय दुखते?"

"जांघ. कंबर तर सहन होते. जांघेत कळ आली की मी जागीच उभी राहते."

ती कागद पाहत होती. म्हणाली, "बोट ठेवून दाखवा बरं."

आता हे लिहायला मला लाज नाही, म्हातारी झाले. पण एवढ्या दिवसांत मला कोणी बोट ठेवायला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ठेवलं नसतं. बाजूला तरणा पोरगा उभा, समोर पुरुष डॉक्टर, आणि बोट ठेवायचं ते पोटाच्या खाली, जिथं पाय सुरू होतो त्या घडीत. तिथं बाईमाणूस बोट ठेवते का? मी शब्द सांगत होते. शब्द सांगितला की काम झालं, असं मला वाटत होतं.

मी लुगडं सारखं केलं आणि बोट ठेवलं.

वैशाली माझ्या बोटाकडं पाहत राहिली. "ही जांघ?"

"मंग? जांघ म्हंजे जांघच. तुमच्या वर्ध्यात दुसरीकडं असते का?"

"नाही काकू, वर्ध्यातही इथंच असते. पण हिंदीत जांघ म्हणजे मांडी. इथं कागदात मांडीच लिहिली आहे."

मी म्हटलं, "मांडी कोणी लिवली?"

कोणी मुद्दाम लिहिली असं नव्हतं. मी जांघ म्हटलं, पोरानं जाँघ म्हटलं, डॉक्टरांनी जाँघ ऐकली. शब्द जसाच्या तसा पोचला होता, दुखणं वाटेत एक वीत खाली सरकलं होतं.

वैशाली मोठ्या डॉक्टरांना घेऊन आली, मागून प्रदीप. डॉक्टर पडद्यापाशीच थांबले. म्हणाले, "बाई, उँगली रखो." मी प्रदीपला म्हटलं, "तू तोंड फिरव." त्यानं भिंतीकडं तोंड केलं. मी बोट ठेवलं.

डॉक्टरांनी वैशालीच्या हातातला कागद पाहिला. मग प्रदीपच्या पाठीला उद्देशून म्हणाले, "आपने तो जाँघ बोला था."

प्रदीप भिंतीकडं पाहतच म्हणाला, "मम्मी ने जाँघ ही बोला था, सर."

दोघंही खरं बोलत होते. मीही. आजपर्यंत मला कळलेलं नाही की यात चूक कोणाची.

डॉक्टरांनी माझा उजवा गुडघा वाकवला, पाऊल धरलं आणि पाय जात्याच्या खुंट्यासारखा हळूच फिरवला. त्या कळेचं वर्णन करत नाही. बाहेर बाकावरचे लोक उठून उभे राहिले, एवढं सांगते. डॉक्टर स्वतःशीच म्हणाले, "कमर के फोटो में ख़राबी दिख रही थी ना. दिख रही थी, इसलिए वहीं देखते रहे." मग वैशालीला म्हणाले, "कमर का ऑपरेशन रोको, पहले कूल्हे का फोटो." मराठीत याला खुबा म्हणतात, हे वैशालीनं मला सांगितलं. माझ्याच अंगातल्या सांध्याचं माझ्याच बोलीतलं नाव मी त्या दिवशी ऐकलं. आमच्या घरी तिथं सगळं कंबर, नाहीतर जांघ.

मग मी माझ्याच खोलीत गेले, माझ्याच टेबलावर चढले. चढवायला कोणी आया नव्हती, वैशालीनं हात दिला. साहू भैयानं सवयीनं आवाज दिला, "अंगूठे से अंगूठा मिलाओ."

मी पावलं आत वळवली. डावं आलं. उजवं अर्ध्या वाटेवर अडलं.

"मंदा दीदी, मिलाओ ना. तुमको तो मालूम है."

"मिलून नाही राहिला, भैया."

साहू भैया आडोशामागून बाहेर आला. त्यानं माझ्या पावलांकडं पाहिलं. पट्टी त्यानं हातात घेतली होती, ती परत ठेवून दिली. "रहने दो. ऐसे ही लेंगे." मग आत जाऊन हळू आवाजात म्हणाला, "सांस रोको." मी धरला. त्या आवाजात त्यानं कधी कोणाला सांस रोको म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

फोटो ओला असतानाच मी पाहिला. डाव्या बाजूचा, मांडीच्या हाडाच्या टोकाचा गोटा गोल, वाटीत बसलेल्या लाडवासारखा. उजवा दबलेला, कडेला कुरतडलेला, जसं उंदरानं बोर खाऊन सोडावं. शिकलेली नसले तरी ते ओळखायला शिक्षण लागत नाही. डॉक्टर म्हणाले, गोट्याला रक्त पोचलं नाही म्हणून तो आतून वाळला आणि बसला.

मी विचारलं, रक्त काहून नाही पोचलं?

इथून पुन्हा सगळा गोंधळ. त्यांनी विचारलं, कधी पडला होतात का? दवाखान्याच्या पायरीवर एकदा घसरले होते, उठून कामाला लागले होते. पुडी-बिडी खाल्ली का? ट्रकवाल्यांची खाल्ली. ते म्हणाले, अशा पुड्यांत कधी कधी असं औषध मिसळतात की दुखणं थांबतं आणि गोटा वाळतो. मग रक्ताची तपासणी झाली. सिकल निघालं, म्हणजे रक्तातले कण विळ्यासारखे वाकून अडकतात तो आजार. पूर्ण नाही, अर्धं. आमच्या विदर्भाकडच्या बऱ्याच घरांत ते असतं आणि इकडंही फार आहे. मी म्हटलं, मग हेच कारण का? ते म्हणाले, अर्ध्या सिकलनं सहसा असं होत नाही. कधी कधी होतं.

"तर मग तिघांतलं कोणतं, साहेब?"

"तीनों में से कोई भी हो सकता है. तीनों मिलकर भी. कोई भी नहीं, ऐसा भी होता है."

मी त्यांना म्हटलं, पुडी तर मी दुखायला लागल्यावर घेतली, मग दुखण्याचं कारण पुडी कशी? ते म्हणाले, आधी दुखत होती ती कंबर असेल, गोटा नंतर गेला असेल. म्हणजे कंबरेचं दुखणं खरं होतं का? होतं. चकती खरी का? खरी. मग चकतीचं ऑपरेशन काहून थांबवलं? कारण उठू न देणारी ती चकती नव्हती. हे मी तेव्हा समजून घेतलं आणि घरी येईपर्यंत पुन्हा गोंधळले. आज लिहितानाही मला ते सरळ सांगता येत नाही. वाचणाऱ्यांत कोणी डॉक्टर असेल तर त्यांनी मंडळात येऊन मला समजवावं. चहा पाजीन.

सांधा बदलला. लोखंडाचा आहे की कशाचा ते मी विचारलं नाही, फोटोत पांढरा येतो एवढं पाहिलं. जांघेतली कळ गेली ती गेली. कंबर पावसाळ्यात थोडी अजून दुखते, त्या चकतीचा मान राखायला. खाली मांडी घालून बसायची कायमची मनाई झाली. पंगतीत मी खुर्चीवर बसते आणि लोकांना वाटतं, म्हातारी मिजाशीची आहे. नोकरी मात्र राहिली. मोठ्या डॉक्टरांनी उचलायला दुसरी बाई ठेवली आणि मला खोलीच्या दाराशी स्टूल दिलं. धातू काढायचं काम माझ्याकडंच. आणि एक काम मी आपणहून धरलं. बाई आली की पडदा ओढायचा, नवऱ्याला, पोराला, भावाला बाहेर काढायचं आणि म्हणायचं, शब्द सांगू नको, बोट ठेव. काही बाया लाजायच्या. मी म्हणायची, मी लाजून पाहिलं आहे, त्यात काही मिळत नाही.

आता मास्तर म्हणतात त्या मराठी न बोलणाऱ्या पोरांविषयी. प्रदीपला या सगळ्याचं फार लागलं. पुडी त्यानंच आणली होती, जाँघ त्यानंच सांगितलं होतं. मी त्याला कधी बोलले नाही, पण तो मला बोलायचा. "बता तो देती, मम्मी, कि वहाँ है." मी म्हणायची, "तुले काय सांगू, वहाँ म्हणून?" ऑपरेशननंतर त्याच्या मनात एक भीती बसली आणि माझ्या मनात दुसरी. त्याची ही की आईचं बोलणं आपल्याला कळत नाही. माझी ही की सिकल आईकडून लेकराकडं जातं. रक्त तपास म्हटलं की तो म्हणायचा, देखेंगे. त्यानं तपासलं नाही. मी त्याच्या चालण्याकडं पाहत राहायची.

पुढं त्याचं लग्न झालं, घरात सून आली. मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. तो ऑफिसातून आला, जोडे काढताना जरा थांबला. मी विचारलं, "काय झालं?" आणि तो आयुष्यात पहिल्यांदा मराठीत बोलला. बहुतेक मला बरं वाटावं म्हणून.

"आई, जांघेत दुखते."

माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं. त्याची बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिला वाटलं माझंच काही दुखलं.

"कुठं?" मी म्हटलं.

"जांघेत."

"बोट ठेव."

"अरे मम्मी..."

"बोट ठेव म्हणते ना."

श्वास धरला होता हे मला नंतर कळलं. त्यानं बायकोकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि बोट ठेवलं. गुडघ्याच्या वर, मांडीवर, बाहेरच्या अंगाला. दिवसभर खुर्चीच्या कडेला मांडी दाबून बसतो, तिथं.

तरी मी त्याला जमिनीवर निजवलं. "पावलं आत वळव. अंगठ्याला अंगठा लाव." त्याच्या बायकोला हसू येत होतं. अंगठ्याला अंगठा लागला, सहज. मी पुन्हा लावायला लावला. पुन्हा लागला.

"छोड़ो," मी म्हटलं. कोणाला म्हटलं ते माझं मलाच कळलं नाही.

मास्तरांनी मला माफ करावं. आपल्या पोराला मराठी नीट येत नाही याचा मला त्या दिवशी जेवढा आनंद झाला, तेवढा त्याला पगारवाढ झाली तेव्हाही झाला नव्हता. तो जमिनीवर पडल्या पडल्या विचारत होता, "गलत बोला क्या, मम्मी? जांघ यही होती है ना?"

"हव," मी म्हटलं. "हेच जांघ. उठ, जेवायले बस. आन उद्या रक्त तपासायले चाल, मी संगं येते."